मोकळी जागा

दगडावरच्या नावाचा हिशोब आमच्याकडे अक्षरावर होतो.
मधल्या ठिपक्याचे पैसे मी लावत नाही,
वडीलही लावत नसत.

नॉर्थ डकोटातलं आमचं गाव म्हणजे
धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्च,
बंद पडलेली शाळा
आणि रेल्वे फाटकाजवळचा तो तिकोनी तुकडा,
पूर्वी जिथे पेट्रोल पंप होता.
अठ्ठ्याण्णव साली तिथे स्मारक करायचं ठरलं.
पैशासाठी बायकांनी तीन हिवाळे केक विकले.

कमिटीचा कागद आला:
राखाडी ग्रॅनाइट, सात फूट.
नावं एकोणीस. अक्षरं सव्वा इंच.
आणि खाली, नंतर सुचल्यासारखी टाइप केलेली ओळ,
‘पुढील नावांसाठी जागा सोडावी.’

कागद मी भिंतीला टाचला.
जेवताना नेमकी ती ओळ समोर यायची.
एकदा हातातला घास ठेवून पट्टी घेतली, मोजलं.
अकरा नावं बसत होती.

रोज सकाळी फाटकाशी थांबणाऱ्या पिवळ्या बसमध्ये
आमची चौदा मुलं चढतात.

मग आर्डिस मो आली.
बूट दाराशी झटकून, आत न येता, म्हणाली,
रेचं नाव कसं दिसेल ते बघायचंय.
मी कागदावर आखून दाखवलं.
रे मो.
त्याच्यावर एल्मर क्रिस्टोफरसन, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि त्याखाली हे, जीभ हलायच्या आत संपणारं.

सहा फूट दोन इंच होता तो, ती म्हणाली.
स्वयंपाकघरात वाकून यायचा.
थोडं मोठं नाही का करता येणार? एवढं एकच?

नाही म्हणालो. सगळ्यांची अक्षरं सारखी, असा नियम आहे.
तिने मान हलवली. वाद घातला नाही.
बटाट्याच्या पोळ्या आणल्या होत्या रुमालात गुंडाळून,
त्या घणाशेजारी ठेवल्या आणि गेली.

वाद घातला असता
तर बरं झालं असतं.

त्या रात्री रबराच्या पत्र्यावर नावं आखताना
मी सव्वाचे दोन इंच केले.
रेचे केले, एल्मरचे केले,
पहिल्या महायुद्धात तापाने गेलेल्या
आणि आता कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या
त्या दोघा भावांचेही केले.
एकोणिसावं नाव थेट तळाला टेकलं.
त्याच्याखाली गवत.

ऑरिन स्टेनरूड टेप घेऊन आला.
कमिटीचा अध्यक्ष, कोरियाला जाऊन आलेला,
थंडीने दोन बोटं तिकडेच राहिलेली.
त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.
टेप सटकन आत गेली.
बराच वेळ तो फाटकाकडे बघत होता,
बस येऊन गेली, तरी.
मग विचारलं, बिल तेवढंच ना?
दर अक्षराचा आहे, मी म्हणालो, आकाराचा नाही.
सही करायला त्याने हातमोजा काढला.
त्या माणसाचा उघडा हात मी त्याआधी पाहिला नव्हता.

लोक म्हणाले, गिचमीड झालंय.
झालंय खरं.
क्रिस्टोफरसनचं शेवटचं अक्षर कडेवरून पडेल की काय
असं वाटतं अजून.
आर्डिसने बघितलं. तळहात लावून बघितलं.
मला काही बोलली नाही,
पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पोळ्या आल्या.

वाळूचा झोत मारायच्या आधी
रबरातून अक्षरं सोलून काढावी लागतात.
जमिनीवर खच पडतो,
तो झाडून टाकायचा असतो.
त्यातला एक ‘ओ’ माझ्या बुटाला चिकटून घरी आला.
बायकोने फरशीवरून उचलला, विचारलं, कुणाचा?
म्हटलं, काय सांगू, बऱ्याच जणांच्या नावात आहे.

तिने तो पुसला, खिडकीत टेकवून ठेवला.
अजून तिथेच आहे.
काचेवर बर्फ नसेल त्या सकाळी
त्यातून रस्ता दिसतो.